खिळा म्हणून सांगितलेला काटा

बापूसोंच्या उजव्या हाताला जे काही झालं होतं त्याला ज्यानं त्यानं आपापलं नाव दिलं होतं. बेंगळुरूला असलेला मुलगा पारस त्याला ‘इन्फेक्शन’ म्हणायचा. कट्ट्यावरचा जुना दोस्त आकाराम म्हणायचा, जन्मभर चांदीत हात घातलास, आता चांदी उलटली. भाकरी करायला येणारी बाळाबाई नावच घ्यायची नाही. ती नुसतं ताट टेबलावर ठेवून दोन पावलं मागं सरायची. आणि बापूसो स्वतः, कुणी फारच खोदून विचारलं तर, “खिळा लागलता,” एवढं सांगून हात टॉवेलाखाली घ्यायचे.

खिळा लागला नव्हता. गुलाबाचा काटा लागला होता.

आता सत्तरी ओलांडलेल्या शहाण्या माणसानं काट्याला खिळा कशाला म्हणावं? तर त्याला कारण होतं, आणि ते कारण त्यांनी स्वतःच्याच तोंडानं तयार केलं होतं.

हुपरीचा पैंजणांचा धंदा आवरून बापूसो आणि प्रभावती कोल्हापुरात राहायला आले, तेव्हा प्रभावतीनं सामानाच्या टेम्पोत सगळ्यात आधी काय ठेवलं असेल, तर हुपरीच्या परसातल्या गावठी गुलाबाच्या काड्या, ओल्या पोत्यात गुंडाळून. इथं मागच्या कंपाउंडच्या भिंतीकडेनं त्या लावल्या, बुडात उसाचं पाचट घातलं, आणि बघता बघता भिंत दिसेनाशी झाली. हुपरीत होती तेव्हाही आणि इथंही, तिची सकाळ एकच. आंघोळ करायची, मडीत, म्हणजे सोवळ्यात, ओलेत्यानं मागं जायचं, कुणाशी बोलायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, आणि देवाची फुलं तोडायची. लग्न होऊन आली त्या वर्षापासून सासूनं घालून दिलेला नेम. फुलाला कात्री लावायची नाही, लोखंड चालत नाही. हातानंच तोडायचं. बापूसो तोवर पुढच्या सोप्यात पेपर वाचत बसलेले असायचे. फुलं बुट्टीतनं पुढं यायची, वास यायचा, की ते पेपरची घडी घालून बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, अभिषेकाला निघायचे. बुट्टी त्यांच्या हातात, पुण्य दोघांच्यात. असा हिशेब बसलेला.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी प्रभावती गेली. तापाचं निमित्त झालं आणि गेली. माणसं आली, बसली, उठली. पारस आठवडाभर राहिला. जायच्या आदल्या दिवशी तो मागच्या दारात उभा राहून म्हणाला, “पप्पा, ही झाडं काढून इथं फरशी घालून घेऊ. पाचट काय, चिखल काय, डास किती झालेत बघा. कोण करणार आता हे सगळं?”

“मी करतो की.”

“तुम्ही? तुम्ही कधी एक फूल तरी तोडलंय काय?”

हे लागलं. लागणारच. मग बापूसो ताठ्यात येऊन बोलून गेले, “मी तोडणार हाय. एकादा काटा जरी मला लागला तर तूच ये आन् काढ झाडं. तंवर हात लावू नगंस.”

पारस हसला. “शब्द?”

“शब्द.”

हुपरीच्या चांदीवाल्याचा शब्द. तो काय मोडायचा असतो?

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मागच्या दाराच्या खुंटीवरची बुट्टी काढली. बुट्टीत तळाला चिखलानं कडक झालेलं, भोकं पडलेलं कसलंतरी फडकं होतं. मांजरानं आणून टाकलं असावं. देवाच्या बुट्टीत असली घाण, प्रभावती असती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं, असं म्हणत त्यांनी ते दोन बोटांत धरून घंटागाडीच्या बादलीत टाकलं, बुट्टी धुतली, पुन्हा आंघोळ केली, आणि मग फुलं तोडायला गेले.

काटा नेमका कधी लागला ते त्यांना सांगता आलं नसतं, कारण काटे रोजच लागत होते. त्यातला एक अंगठ्याच्या बुडात मोडून बसला. सुईनं काढला. चार-सहा दिवसांनी तिथं बारीक फोड आला, मग फोडाचं गळू झालं, गळू फुटलं, आणि फुटलेलं मिटेना. दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, “काय लागलं?” डॉक्टर पारसच्या वर्गातला. संध्याकाळच्या आत बेंगळुरूला फोन गेला असता.

“खिळा,” बापूसो म्हणाले. बेंगळुरूला तेवढंच गेलं.

खिळ्याला जे करतात ते झालं. धनुर्वाताचं इंजेक्शन, गोळ्या, मलम. साखर तपासली, ती ठीक निघाली. पू तपासला, त्यात काही उगवलं नाही. गोळ्या बदलल्या. जखम आठवडाभर आज्ञाधारक पोरासारखी सुकायची, खपली धरायची, आणि बापूसोंना जरा बरं वाटायला लागलं की खपलीखालनं पुन्हा ओली व्हायची. मग मनगटाच्या वर एक गाठ आली. मग तिच्या वर दुसरी. दोऱ्यात मणी ओवावेत तशी हातावर कोपराकडं एक माळ चढत गेली, आणि एकेक मणी मऊ पडून फुटत गेला. दुखायचं फारसं नाही. दुखलं असतं तर बरं, असं त्यांना वाटायचं. निदान ओरडायला निमित्त मिळालं असतं, आणि ओरडल्यावर कुणीतरी आलं असतं.

उघडी जखम घेऊन मूर्तीला शिवायचं नाही, हा नियम त्यांना ठाऊक होता. अभिषेक त्यांनी आपणहून सोडला. पण फुलं न्यायचे. एक दिवस बस्तीतले पुजारी, उपाध्ये, नजर चुकवत म्हणाले, “बापूसो, बुट्टी हितं पायरीवर ठेवा. मी नेतो आत.” ठेवली. दुसऱ्या दिवशी पायरीच्या खालच्या पायरीवर. फुलं आत जातात का नाही हे बघायला ते थांबत नसत. थांबले असते तर कळलं असतं.

कट्ट्यावर त्यांच्या डाव्या बाजूला अजून माणसं बसायची. उजव्या बाजूला बसायची नाहीत. कुणीतरी हळूच ‘रगतपिती’, म्हणजे महारोग, म्हणालं, ते त्यांना ऐकू आलं. कान अजून चांगले होते, हे एक दुर्दैव. पारसचा व्हिडिओ कॉल आला की ते फोन डाव्या हातात धरायचे आणि उजवा हात टेबलाखाली ठेवायचे, पारसला बापाचा निम्मा देह दिसायचा आणि तो म्हणायचा, “बरे दिसताय.” सुनेनं एकदा विचारलं, “पप्पा, जेवलात ना?” जेवण सूर्यास्ताच्या आत उरकलेलं असायचं. त्यानंतरची संध्याकाळ फार लांब असते, हे त्यांना प्रभावती असताना कधी कळलं नव्हतं. त्या वेळात ती काहीतरी बोलत असायची आणि ते ऐकत नसायचे.

मात्र फुलं त्यांनी एक दिवस चुकवली नाहीत. हाताला पट्टी बांधून, पट्टीतनं बोटं बाहेर काढून, तसेच बोडक्या हातानं तोडत राहिले. ती झाडं एवढीच आता घरात तिच्या हातची अशी उरली होती की जी रोज सकाळी काहीतरी नवीन काढून दाखवत होती.

शेवटी आकारामच एका सकाळी स्कूटर घेऊन दारात उभा राहिला.

“चल.”

“कुठं?”

“कातड्याच्या डॉक्टरणीकडं. नंबर लावलाय.”

“मला काय झालं न्हाय.”

“तुला झालं न्हाय तर मला झालंय,” आकाराम म्हणाला. “मर्दा, हुपरीपासनं एका ताटात जेवलोय आपण. आता मी तुझ्यापासनं लांब बसतोय, ह्ये माझं मलाच बरं दिसंना. एक तर तू बरा हो, न्हाय तर मला जवळ बसायला सांग. मधलं काय मला जमत न्हाय.”

बापूसो चपला घालून मागं बसले. आकारामच्या खांद्याला धरायचा हात नेमका उजवा. त्यांनी डाव्यानं धरलं.

दवाखान्यात दारातल्या पोरीनं “पावणं, चपला भाईर” म्हणून हाकाटी केली, आणि मग बराच वेळ बसवलं. डॉक्टर तेजस्वी म्हणजे आजऱ्याकडची तरणीताठी मुलगी. तिनं हातमोजे चढवले, पट्टी सोडली आणि नाक मुरडलं नाही. जखमेची कड बघितली. मग एक हातमोजा काढून टाकला आणि कोपरापासच्या चांगल्या कातडीवर नुसती बोटं ठेवून खाली-वर चाचपत गेली. किती महिने झाले, बापूसोंच्या हाताला कुणी हात लावला नव्हता. ते छताकडं बघायला लागले. छतात पंखा होता. पंखा बघायला बरा असतो.

“आजोबा, सुरुवात कशानं झाली?”

“खिळा लागलता.”

“कुठला खिळा?”

“भित्तीतला.”

“भिंतीतला खिळा अंगठ्याच्या बुडाला कसा लागेल? क्यालेंडर लावत होता की कुस्ती खेळत होता भिंतीबरोबर?”

आकाराम खोकला. बापूसो पंख्याकडं बघत राहिले.

“शेतीभाती आहे? मातीत काम? गवत, पेंढा, झाडं?”

“मागं...” आकारामनं तोंड उघडलं. बापूसोंनी त्याच्याकडं असं बघितलं की ते मिटलं.

डॉक्टर तेजस्वी खुर्चीत मागं टेकली. “हे बघा. अशी एकामागं एक गाठ वर चढत जाते तेव्हा आम्हाला दोन-चार शंका येतात. एक टीबीच्या जातीचे जंतू असतात, ते कातडीत घुसून अशीच न भरणारी जखम करतात. एक बुरशी असते. आणखी एक-दोन आहेत. दिसायला भावंडंच, पण औषधं वेगळी. तुकडा काढून तपासायला पाठवीनच, पण ती सावकाश उगवतात, निकाल यायला काही आठवडे जातात. तोवर मला अंदाजानं चालायचंय, आणि अंदाज तुमच्या सांगण्यावर. तुम्ही खोटं सांगितलं की औषध खोट्या रोगाला जातं. आत्तापर्यंत तेच झालंय, असं मला वाटतंय.”



“खरं सांगिटलं,” बापूसो म्हणाले, “तर झाडं काढाय लागतील काय?”

“कसली झाडं?”

मग सांगितलं. सगळं नाही, पण गुलाब, पाचट, काटा, पारसला दिलेला शब्द, एवढं सांगितलं. सांगताना त्यांना वाटलं होतं, ती हसेल. ती हसली नाही. उलट तिचा चेहरा, एखाद्या हरवलेल्या वस्तूची जागा आठवावी तसा, उजळला.

“मातीत, कुजलेल्या पाचटात, काट्यावर एक बुरशी असते,” ती म्हणाली. “एरवी कुणाचं काही बिघडवत नाही. काट्याबरोबर कातडीच्या आत गेली की मात्र तिथंच बस्तान मांडते. शरीर तिला घेरतं, भिंत घालतं, पण मारू शकत नाही. त्या झटापटीत वरची कातडी मरते आणि जखम उघडी राहते. मग रक्ताच्या शिरांसारख्याच दुसऱ्या बारीक वाटा असतात हातात, त्यातनं ती वर सरकते. जिथं थांबते तिथं गाठ. तुम्ही घेतलेल्या गोळ्या दुसऱ्या जंतूंच्या होत्या. बुरशीला त्याचं सोयरसुतक नाही. आणि पू तपासला तेव्हा कुणी बुरशी शोधलीच नाही, कारण तुम्ही खिळा सांगितला होतात.”

“दुसऱ्याला लागतंय काय ह्ये? शेजारी बसून?” हे आकारामनं विचारलं.

“नाही. शेजारी बसून नाही, एका ताटात जेवूनही नाही.”

आकारामनं आपली खुर्ची उचलली आणि बापूसोंच्या उजव्या बाजूला आणून ठेवली. जरा जास्तच जवळ. बसताना त्याचा गुडघा आपटला.

औषधाची कॅप्सूल काही महिने घ्यायची, जखम मिटली तरी मधेच सोडायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. कॅप्सूलचं टरफल कशाचं असतं, जनावरापासनं तर नसतं ना, हे बापूसोंनी विचारलं नाही. प्रभावतीनं विचारलं असतं, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडली नसती.

“आन् झाडं?”

“राहू देत की. बोडक्या हातानं जायचं नाही एवढंच.” ती लिहिता लिहिता थांबली. “एक सांगा. आजी इतकी वर्षं तीच फुलं तोडायच्या. त्यांना कधी असं झालं होतं?”

“न्हाय. कद्दीच न्हाय.”

“कशा तोडायच्या त्या? हाताला काही गुंडाळून?”

बापूसो आठवायला लागले.

ती कशी तोडायची?

बुट्टी दिसत होती. बुट्टीतली फुलं, देठांसकट, पाण्याचे थेंब असलेली. ओल्या लुगड्याचा मागच्या दारातनं पुढं आलेला पदर दिसत होता. पण ती झाडाशी उभी आहे आणि तिचा हात फुलाकडं जातोय, असं चित्र डोळ्यांपुढं येईना. मागचं दार ते पुढचा सोपा, एवढंच अंतर. उठून चार पावलं चालले असते तर दिसलं असतं. सगळ्या संसारात एकदाही उठले नव्हते.

“मडीत असायची वो ती,” ते शेवटी म्हणाले. “मडीत असताना कुणी जवळ जात न्हाय.”

हे खरं होतं. हेही खिळ्यासारखंच खरं होतं.

घरी आल्यावर आकाराम बाहेरूनच वळला नाही, आत येऊन पाणी प्यायला आणि मग गेला. बापूसो मागच्या दारात उभे राहिले. खुंटीवर रिकामी बुट्टी. तिच्याकडं बघता बघता त्यांना ते फडकं आठवलं. चिखलानं कडक झालेलं, भोकं पडलेलं, तळाशी. मांजरानं आणलेलं. खुंटीवरच्या बुट्टीत मांजर कशाला काय आणून ठेवील?

फडक्याच्या वरच्या कडेला हिरवट पट्टी होती.

ते आत गेले आणि कपाटाचा खालचा खण ओढला. हुपरीच्या त्यांच्या दुकानात एक रीत होती. जोडातलं एक पैंजण हरवलं म्हणून गिऱ्हाईक दुसरं मोडीत द्यायला आलं, तर लगेच आटवायचं नाही. ठेवायचं थोडे दिवस. हरवलेलं सापडतं, आणि मग माणूस रडत येतं. त्या सवयीनं त्यांनी घरातलंही एकटं पडलेलं काही कधी टाकलं नव्हतं. खणात तळाशी तो होता. थंडीत स्वेटर विकायला येणाऱ्या बाईकडनं प्रभावतीनं त्यांच्यासाठी घेतलेला जाड लोकरीचा पायमोजा, करडा, वर हिरवी पट्टी. एकच. दुसरा हरवला तेव्हा त्यांनी केवढा दंगा केला होता.

“मोजा काय चालत गेला व्हय घरातनं?”

“गेला आसंल,” ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली होती. “मालकावाणीच. कट्ट्यावर बघून या.”

तेव्हा त्यांना राग आला होता. आता खणापुढं फरशीवर बसल्या बसल्या त्यांना आधी काही कळलं नाही आणि मग हसू आलं. सासूच्या नेमाची, कडक मडीची बाई. पाण्याच्या घागरीला कुणी शिवलं तर पाणी ओतून देणारी. ती रोज पहाटे नवऱ्याच्या पायातल्या मोज्यात हात घालून देवाची फुलं तोडत होती. आणि देवाला चालत होतं. इतकी वर्षं चालत होतं. हसता हसता त्यांनी मान वर केली, तिला सांगायला. मग मोजा बाहेर घेऊन खण बंद केला.

संध्याकाळी पारसचा फोन आला. बापूसोंनी फोन टेबलावर तांब्याला टेकवून उभा केला आणि दोन्ही हात पुढं ठेवले. पारसनं पट्टी बघितली, वरच्या गाठी बघितल्या.

“एवढं कधीपासनं झालंय हे?”

“काटा लागलता. गुलाबाचा. खिळा न्हवता.”

“शब्द दिला होता तुम्ही,” पारस म्हणाला, पण आवाजात फरशी नव्हती.

“दिलता. काटा मला लागला तर काढ, म्हणलतो. काटा आपणहून न्हाय लागला, पारस. मी बघितलं न्हवतं कसं तोडायचं, आन् तसाच हात घातला. त्येची चूक झाडाला नगं.”

पलीकडं सून मागनं काहीतरी विचारत होती. पारसनं तिला हातानं थांबवलं. “आई काय करायची मग?”

बापूसो सांगणार होते. मोजा शेजारीच, टेबलावर होता. पण हे एक एवढं तरी आपल्याकडं राहू द्यावं, असं त्यांना वाटलं. “हातात काय बाय घालायची,” ते म्हणाले. “तिला ठावं होतं.”

तुकड्याचा निकाल आला तो डॉक्टरांच्या अंदाजासारखाच, बुरशीचा. कॅप्सूल चालू राहिल्या. वरची गाठ आधी बसली, मग तिच्या खालची. माळ ज्या वाटेनं चढली होती त्याच वाटेनं उतरत आली. अंगठ्याच्या बुडातली जखम सगळ्यात शेवटी, कडेकडेनं मिटत निघाली. आकाराम उजवीकडं बसतो, पण बाकीची माणसं अजून डावीकडंच बसतात, सवय म्हणा. उपाध्यांना डॉक्टरांचं म्हणणं सांगून झालं. ते “व्हय की, व्हय की” म्हणाले आणि बुट्टी पायरीवरनं उचलली. आत नेली. त्या दिवशी बापूसो थांबून बघत होते.

आता पहाटे आंघोळ करून, ओला पंचा नेसून ते मागं जातात. आधी डॉक्टरांनी सांगितलेला जाड रबरी हातमोजा, आणि त्यावरनं लोकरीचा मोजा. तो ताणून बसवायला वेळ लागतो. मोज्यात हात गेला की बोटं एकत्र होतात, एकेक फूल चिमटीत धरता येत नाही. सगळ्या मुठीनं, देठाशी हलकेच पिळा द्यावा लागतो. पहिल्या दिवशी तसा पिळा दिल्यावर फूल इतक्या अलगद हातात आलं, की ते तिथंच उभे राहिले. असं तोडायची तर. हात असा जायचा तर. त्यांनी मागं वळून दाराकडं बघितलं. पुढच्या सोप्यात पेपर येऊन पडला होता. तो उचलायला कुणी नव्हतं.

परवा बाळाबाई भाकरी करून मागच्या दारानं जाताना बुट्टीपाशी थांबली.

“अण्णा, देवाच्या बुट्टीत ह्ये मोज्याचं फडकं कुणी टाकलंय? घंटागाडी आलीया, टाकू का?”

“ऱ्हाऊ दे.”

“पायातला हाय वो.”

“म्हाईत हाय मला. ऱ्हाऊ दे, बाळाबाई. जोडातला हाय.”

तिनं बुट्टी वाकडी करून आत बघितलं, दुसरा कुठं दिसतोय का ते. मग बुट्टी होती तशी खुंटीला अडकवली आणि, कशी कोण जाणे, जाता जाता त्यांच्या हातातला रिकामा तांब्या त्यांच्या बोटांना बोटं लागतील असा काढून घेतला.